धंद्यात भागीदार घ्यायचा तर: सहीच्या आधी करायची कामं

रावेरकडचं केळी चिप्सचं युनिट असो, जळगाव एमआयडीसीतलं चटईचं मशीन असो, नंदुरबारातलं मिरची कांडप असो की कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोरांचं ॲप असो, भागीदारी ठरते ती बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर. ‘तू पैसा लाव, मी बघतो’ एवढ्याच बोलण्यावर. या ‘मी बघतो’मध्ये नेमकं काय काय बघायचंय, ते कागदावर उतरवणं ही भागीदार निवडण्याची पहिली पायरी. माणसाचं नाव त्यानंतर.

आधी कामं लिहा

चिप्सचं युनिट धरून चालू. कामं चार गठ्ठ्यांत पडतात. एक, खरेदी: बागेत जाऊन घड पाहणं, कापणीच्या दिवशीच्या भावाची बोलणी, वजनकाट्यावर उभं राहणं. दोन, तळण: तेल, कढई, ब्लेड, मजूर, पॅकिंग. तीन, विक्री आणि उधारीची वसुली. चार, कागद: बँक, जीएसटी, अन्न परवाना, वीजबिल, पगारपत्रक.

प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा. आठवड्याला किती तास लागतील, तुम्हाला ते येतं का, आणि पगारी माणूस ठेवला तर महिन्याला किती पडेल. जे काम पंधरा-वीस हजारांच्या पगारात नीट होतं, त्यासाठी भागीदार घेऊ नका. हिशोब लिहायला अकाउंटंट मिळतो, तळायला कारागीर मिळतो. पगार देऊन मिळत नाही ते वेगळंच: सुरत-इंदूरच्या घाऊक दुकानदारांकडे वर्षानुवर्षांची पत, अडकलेला पैसा भांडण न करता काढून आणण्याची हातोटी, मशीन बंद पडल्यावर स्वतः खोलून दुरुस्त करण्याइतकं ज्ञान, किंवा सरळ भांडवल. भागीदार हवा तो यातल्या कुठल्या तरी एका गोष्टीसाठी.

आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. दोघंही केळीवाले, दोघांनाही बाग कळते, म्हणून एकत्र येतात. माल उत्तम निघतो, पण तो विकायला कोणी नसतो. गोदामात पडलेल्या चिप्सचं तेल खवट व्हायला लागतं आणि मग भांडण सुरू होतं ते मालाच्या दर्जावरून. दर्जाचा काहीच दोष नसतो. दोन माणसांत एकच गुण दुप्पट आणि दुसरा शून्य, एवढीच अडचण असते.

किती भागीदार? प्रत्यक्ष राबणारे दोन, फार तर तीन. दोघांत मतभेद अडून बसतो, तिघांत दोघांचा गट होतो, पण या दोन्हींवर करारात तोड काढता येते. चौथा माणूस आला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

घरचा, गावचा की पुण्यातला

‘आपलाच मानूस शे, कागद कसाले?’ हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हा, मग बोलणारा सख्खा भाऊ का असेना.

भावाच्या बाबतीत प्रश्न प्रामाणिकपणाचा क्वचितच असतो, मालमत्तेचा असतो. वाटणी झालेली नसते. शेड बांधायची ती जमीन वडिलांच्या नावावर, सातबाऱ्यावर आत्या आणि बहिणींचीही नावं. धंदा तुमचा आणि जागा सगळ्यांची, असं होऊन बसतं. एकत्र कुटुंबाचा पैसा धंद्यात येणार असेल तर तो कर्ज म्हणून येतोय की भांडवल म्हणून, हे लिहून ठेवा आणि त्या कागदावर घरातल्या सगळ्या हक्कदारांच्या सह्या घ्या. आज अवघड वाटेल. दहा वर्षांनी कोर्टात ते याहून अवघड असतं.

मेव्हणा किंवा शालक असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: काम बिघडलं तर या माणसाला लेखी नोटीस देता येईल का? देता येणार नसेल तर भागीदार करू नका. पगारावर ठेवा किंवा त्याच्याकडून व्याजाने पैसे घ्या. नातंही राहतं, धंदाही.

पुण्यात किंवा नाशकात नोकरी करणारा मित्र पैसा लावतो आणि दिवाळीला हिशोब बघायला येतो. यात गैर काही नाही, फक्त त्याला एक गोष्ट आधीच सांगा. साध्या भागीदारी फर्ममध्ये झोपलेल्या, म्हणजे नुसता पैसा लावून कामात नसलेल्या भागीदाराचीही जबाबदारी अमर्याद असते. फर्मचं देणं फिटलं नाही तर धनको त्याच्या फ्लॅटपर्यंत पोहोचू शकतो. असा गुंतवणूकदार असेल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा.

याच कारणाने बायकोचं किंवा आईचं नाव ‘नुसतं कागदावर’ टाकणं धोक्याचं. जिला हिशोबाची वही कधी दाखवली नाही, तिच्या दागिन्यांवर आणि जमिनीवर धंद्याचं कर्ज येतं. उलट पापड-बिबड्यांचा सगळा धंदा जी खरोखर चालवते, तिला पूर्ण हिस्सा आणि बँकेत सहीचा अधिकार द्या.

चौकशी: काय, कुठे

समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ही पायरी गाळू नका. आधी आपले स्वतःचे कागद त्याच्यापुढे ठेवा, मग त्याचे मागा.

क्रेडिट रिपोर्ट पहिला. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या, सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. ७५०च्या आसपास किंवा वर असतील तर बँक सहसा अडवत नाही. पण नुसता आकडा पाहू नका. ‘सेटल्ड’ (तडजोडीत कमी पैसे भरून मिटवलेलं) किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) असा शेरा कुठल्या खात्यापुढे आहे, आणि तो माणूस दुसऱ्या कोणाला जामीन राहिला आहे का, ते पाहा. फर्मच्या कर्जाला बँक बहुधा सगळ्या भागीदारांची वैयक्तिक हमी घेते. एकाचं जुनं ट्रॅक्टरचं थकलेलं कर्ज दोघांची फाइल परत पाठवू शकतं.

जमीन तारण द्यायची किंवा शेडसाठी वापरायची असेल तर ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’चा रकाना वाचायचा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो. गावात ‘सगळं फेडलंय’ असं ठणकावून सांगितलं जातं आणि रकान्यात बोजा तसाच असतो. कधी खरंच फेडलेलं असतं, नुसती नोंद कमी करायची राहिलेली असते. मग ती आधी कमी करून घ्यायची.

आधीचा धंदा असेल तर जीएसटी पोर्टलवर त्याचा क्रमांक टाका, विवरणपत्रं वेळेवर भरली की नाहीत ते दिसतं. ई-कोर्ट्सवर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत नावाने शोधा. चेक न वटल्याची प्रकरणं तिथे सापडतात. एकाच नावाची दहा माणसं निघतात, तेव्हा वडिलांचं नाव आणि गाव जुळवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

कागदांहून जास्त सांगतात ती माणसं. त्याच्या मित्रांना विचारून उपयोग नाही. विचारा ट्रान्सपोर्टवाल्याला, अडत्याला, त्याच्याकडे पूर्वी काम केलेल्या मजुराला. ‘माणूस कसा आहे’ असं विचारलं की ‘चांगला आहे’ एवढंच मिळतं. ‘भाव पडला तेव्हा ठरलेला माल त्याने उचलला का?’ ‘हमाली त्याच दिवशी मिळायची का?’ असं विचारा. आणि त्याचा आधीचा भागीदार असेल तर त्याला गाठल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समोर बसवून विचारायचे प्रश्न

दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर उत्तरं लिहायची आणि मग अदलाबदल करायची. तोंडी विचारलं तर दुसरा पहिल्याचं ऐकून हो म्हणतो.

घरखर्चाला महिना किती लागतो, आणि धंद्यातून एक रुपयाही न उचलता किती महिने निघतील? येत्या दोन वर्षांत घरात लग्न आहे का, घर बांधायचंय का? (उचल वाढते ती याच दोन कारणांनी, आणि लग्नसराई नेमकी भांडवल लागण्याच्या वेळेला येते.) आणखी पैसे घालावे लागले तर जास्तीत जास्त किती, आणि ते कुठून? किती तोटा झाला की धंदा बंद करायचा? तीन वर्षांनी तुला हा धंदा केवढा हवाय: एक शेड आणि सुखाची भाकरी, की तीन राज्यांत माल? दिवसाला किती तास देणार, आणि शेतीच्या कामाच्या दिवसांत किती?

उत्तरं जुळलीच पाहिजेत असं नाही. पण एकाची तोट्याची मर्यादा दोन लाख आणि दुसऱ्याची दहा लाख असेल, तर हे दोघं पहिल्या वाईट हंगामातच वेगळे होणार. ते आज कळलेलं बरं.

लहान सौदा करून बघा

सगळ्यात कामाची पायरी हीच, आणि लोक टाळतात तीही हीच. मोठ्या मशीनची ऑर्डर देण्याआधी दोन-तीन महिने लहान प्रमाणावर सोबत काम करा.

चिप्सचंच घ्या. प्रत्येकी पंचवीस हजार काढा. ही रक्कम पूर्ण बुडाली तरी दोघांच्या घरी चूल पेटेल, एवढीच ती असावी. या कामापुरतं वेगळं खातं उघडा, पैसे काढायला दोघांच्या सह्या. साधारण पंधरा दिवसांच्या अंतराने चार घाणे करा, प्रत्येक घाणा एक क्विंटल कच्च्या केळीचा. सालीसकट चार किलो केळीचे एक किलोच्या आसपास चिप्स होतात, म्हणजे क्विंटलमागे पंचवीसेक किलो. वहीत पाच आकडे ठेवा: घेतलेल्या केळीचं वजन, सोलल्यावरचं वजन, तेल किती गेलं, चिप्सचं वजन, आणि विकून प्रत्यक्ष हातात आलेले पैसे. उधारीचा रकाना वेगळा.

एखादा घाणा बिघडणारच. फळ दोन दिवस उशिरा उचललं तर गर पिकायला लागतो, स्टार्चची साखर होते आणि कढईत चकत्या काळपट पडतात. तेल पुरतं तापलं नसेल तर चिप्स तेलकट आणि मऊ निघतात. त्या संध्याकाळी समोरचा काय करतो ते बघायचं. ‘फळ मीच उशिरा आणलं’ म्हणतो, की मजुरावर ढकलतो? बिघडलेल्या मालाचं वजन वहीत लिहितो, की चांगल्यात मिसळून टाकू म्हणतो? खरेदीची पावती त्याच दिवशी देतो की ‘आहे खिशात’ म्हणत आठवडा काढतो? दुकानदाराने पैसे थकवले तर फोन कोण करतं, दर वेळी तुम्हीच का? चार घाण्यांत जे दिसेल तेच पुढे चारशे घाण्यांत दिसणार, फक्त आकडे मोठे असतील.

जमलं तर यातला एक घाणा मे महिन्यात करा. बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, शेडमध्ये भट्टी, मजूर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि लग्नांना गावी गेलेले. त्या दिवशी कोण शेडवर टिकतो ते कळतं.

जिनिंग, डाळ मिल असे हंगामी धंदे दोन महिन्यांत समजत नाहीत. तिथे एखादा छोटा खरेदी-विक्रीचा व्यवहार हंगामाच्या सुरुवातीपासून शेवटची उधारी वसूल होईपर्यंत सोबत करा. माल भरताना सगळेच उत्साहात असतात, माणूस दिसतो तो शेवटच्या वसुलीत. सॉफ्टवेअरवाल्यांनी एक पैसे देणारं गिऱ्हाईक घेऊन त्याचं काम वेळेत पूर्ण करून द्यावं. नुसतं ‘आपण दोघं बनवतोय’ यातून काहीच कळत नाही.

या चाचणीलाही एक पानाचा कागद करा: कोणी किती घातले, नफा-तोटा कसा, कधी संपणार. नफा वाटून घेत धंदा केला की करारपत्र नसतानाही कायद्याच्या नजरेत भागीदारी ठरू शकते, म्हणून शेवटची तारीख महत्त्वाची. त्या तारखेला खातं बंद करा, पैसे वाटा, आणि आठवडाभर दोघांनी वेगवेगळा विचार करा. नको वाटलं तर इथे थांबण्याची किंमत फार तर पंचवीस हजार आहे.

हिस्सा कसा पाडायचा

‘फिफ्टी-फिफ्टी’ हे उत्तर सोपं, म्हणून लोकप्रिय. करारात काही लिहिलं नसेल तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ हेच सांगतो: नफा-तोटा समान, कामाबद्दल पगार नाही, भांडवलावर व्याज नाही. ज्याने जास्त पैसा घातला त्याला हे जाचतं, जो दिवसभर राबतो त्यालाही.

तीन गोष्टी वेगळ्या करा: पैशाचा मोबदला व्याजात, श्रमाचा पगारात, जोखमीचा नफ्यात.

एकूण भांडवल १० लाख. एकाने ७ घातले, दुसऱ्याने ३, पण दुसरा पूर्णवेळ शेडवर. वर्षाचा नफा, व्याज आणि पगार देण्याआधी, ६ लाख. भांडवलावर १२ टक्के व्याज: पहिल्याला ८४ हजार, दुसऱ्याला ३६ हजार. दुसऱ्याला महिना १८ हजार पगार, वर्षाचे २ लाख १६ हजार. उरले २ लाख ६४ हजार, ते निम्मे-निम्मे, प्रत्येकी १ लाख ३२ हजार. पहिल्याच्या वाट्याला २ लाख १६ हजार, राबणाऱ्याच्या वाट्याला ३ लाख ८४ हजार. करार नसता तर दोघांना तीन-तीन लाख आले असते आणि शेडवरचा माणूस पुढच्या वर्षी दुसरीकडे कामाला लागला असता. हे आकडे आयकराआधीचे. फर्मच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर बसतो, म्हणून व्याज-पगार करारात लिहिलेला असणं कराच्या दृष्टीनेही महत्त्वाचं. व्याज १२ टक्क्यांपर्यंतच खर्च म्हणून मान्य होतं, पगारालाही मर्यादा आहे. सीएकडून आकडे तपासून घ्या.

पैसा न घालता फक्त कामावर हिस्सा मागणारा भागीदार असेल तर सगळा हिस्सा पहिल्या दिवशी देऊ नका. तो चार वर्षांत पिकू द्या. समजा ४० टक्के ठरले. पहिलं वर्ष पूर्ण झालं तर १० टक्के, त्याआधी सोडलं तर शून्य, पुढे दर महिन्याला थोडा थोडा. दीड वर्षाने गेला तर १५ टक्के घेऊन जाईल. कंपनी काढणाऱ्या पोरांनी हे कलम घातलंच पाहिजे. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकाला बंगळुरूची नोकरी लागते आणि तो अर्ध्या कंपनीचा मालक म्हणून निघून जातो. मग पुढचा गुंतवणूकदार दारातूनच परत.

करारपत्रात वकील विसरतात ती कलमं

नाव, पत्ता, उद्देश ही कलमं छापील नमुन्यात असतातच. भांडण होतं ते न छापलेल्या गोष्टींवरून.

*उचल.* कोण महिन्याला किती उचलू शकतो, त्यावर गेलं तर दुसऱ्याची लेखी संमती, आणि जास्तीच्या उचलीवर व्याज.

*क्यूआर कोड.* दुकानावर किंवा शेडवर लावलेला कोड कोणाच्या खात्याचा आहे? सुरुवातीला ‘तात्पुरता’ म्हणून एकाच्या वैयक्तिक खात्याचा लावतात आणि तोच दोन वर्षं राहतो. मग रोजच्या गल्ल्याचा हिशोब कोणालाच जुळवता येत नाही. फर्मचं खातं उघडल्याच्या दिवशी कोड बदला. ठरावीक रकमेच्या वर, समजा २५ हजार, दोघांच्या सह्या.

*जागा.* शेड एकाच्या जमिनीवर असेल तर ती फर्ममध्ये ओतायची की भाड्याने द्यायची, हे ठरवा. बहुतेकांना भाड्याने देणं सोयीचं. भाडेकरार नोंदणीकृत करा आणि शेडवर झालेला खर्च मुदत संपल्यावर कोणाचा, ते त्यातच लिहा. वीजमीटर, अन्न परवाना, एमआयडीसीचा प्लॉट, एखाद्या योजनेतून एकाच्या वैयक्तिक नावावर मिळालेलं कर्ज: जे जे एकाच्या नावावर आहे त्याची यादी करारपत्राला जोडा.

*अडून बसलं तर.* रोजच्या बाबतीत ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा: खरेदीत खरेदीवाल्याचा, विक्रीत विक्रीवाल्याचा. कर्ज, नवीन मशीन, नवीन भागीदार याला सगळ्यांची संमती. तरीही सुटलं नाही तर लवाद कोण, हे नावानिशी आजच ठरवा. तो दोघांचा सारखाच ओळखीचा असावा, एकाचा मामा नसावा.

*बाहेर पडणं आणि मृत्यू.* किंमत कशी काढायची (शिल्लक माल कोणत्या भावाने धरायचा, बुडीत उधारी किती वगळायची), पैसे किती हप्त्यांत. एकरकमी देण्याची अट टाकू नका, धंद्याची कंबर मोडते. आठ तिमाही हप्ते दोघांनाही झेपतात. भागीदार वारला की, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, फर्म विसर्जित होते. म्हणून वारसाला भागीदार म्हणून घ्यायचं की फक्त हिस्स्याची रक्कम द्यायची, हे लिहा.

नोंदणी

करारपत्र कमी किमतीच्या स्टॅम्पवर उरकू नका. मुद्रांक शुल्क भांडवलाच्या रकमेवर ठरतं. सह्या झाल्या की फर्मचा पॅन, मग बँक खातं, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), अन्न परवाना, सगळं फर्मच्याच नावाने. फर्मची निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, म्हणून पुष्कळ जण ती करत नाहीत. पण नोंदणी नसलेल्या फर्मला थकवणाऱ्या गिऱ्हाइकावर करारापोटी दिवाणी दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही दुसऱ्या भागीदाराविरुद्ध करारातला हक्क मागता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात हे परवडत नाही.

एलएलपीत किमान दोन भागीदार लागतात. तिचा करार स्थापनेपासून ३० दिवसांत ऑनलाइन दाखल करायचा असतो आणि व्यवहार झाला नाही तरी दर वर्षी विवरणपत्रं भरावी लागतात. तो खर्च धरूनच निर्णय घ्या.

पुढे कोणी भागीदार बाहेर पडला तर निवृत्तीचा करार करून थांबू नका. निबंधकाला कळवा, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी दैनिकात जाहीर नोटीस द्या, बँकेला आणि मोठ्या पुरवठादारांना पत्र पाठवून पोच घ्या. नोटीस नसेल तर गेलेल्या भागीदाराने फर्मच्या नावाने घेतलेला माल मागे राहिलेल्यांच्या अंगावर येऊ शकतो, आणि मागे राहिलेल्यांचं नवीन देणं त्याच्याही.